साधने कपाटात, विद्यार्थी गाईडात

दिवाळीची सुटी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले की जळगाव-धुळ्याच्या पुस्तकांच्या दुकानांत दहावीच्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची गर्दी होऊ लागते. ही गर्दी पाठ्यपुस्तकांसाठी नसते. ती जूनमध्येच घेऊन झालेली असतात. आता मागणी असते ती गाईडांना, अपेक्षित प्रश्नसंचांना आणि सरावपत्रिकांना. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांसाठी ज्यांची ऐपत आहे ते शिकवणी लावतात. इतिहासासाठी मात्र गरीब-श्रीमंत सर्वांचा आधार एकच, तो म्हणजे गाईड. इतिहास हा पाठ करावयाचा विषय आहे आणि पाठांतराला शिक्षकापेक्षा तयार उत्तर अधिक उपयोगी पडते, हा समज आता इतका रूढ झाला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

वास्तविक ज्या पुस्तकावरील परीक्षेसाठी ही धावपळ चालते, ते पुस्तक पाठांतरासाठी लिहिलेलेच नाही. ‘बालभारती’ने २०१८ साली दहावीसाठी ‘इतिहास व राज्यशास्त्र’ हे नवे पुस्तक आणले, तेव्हा राजे, लढाया आणि सनावळ्या यांची जुनी चाकोरी त्याने सोडून दिली. त्याची पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांवर आहेत. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ आणि पर्यटन यांचा विचार येतो, आणि इतिहासाचा भाग संपतो तो ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर. इतिहास कसा लिहिला जातो, पुरावा कशाला म्हणावे, तो कसा तपासावा आणि कसा सांभाळावा, याची जाण पंधरा वर्षांच्या मुलाला यावी हा त्यामागील हेतू उघड आहे आणि तो स्तुत्यही आहे. परंतु अशा पुस्तकाला साधनांची जोड लागते. लढाईची तारीख पाठ करता येते. जुना कागद कसा वाचावा व कसा पारखावा, हे कागद डोळ्यांसमोर आल्यावाचून कळत नाही. साधनांवाचून शिकविलेले इतिहासलेखन म्हणजे प्रयोगशाळेवाचून शिकविलेले रसायनशास्त्र होय.

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण खानदेशातच सापडते. दुसऱ्या प्रकरणात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा परिचय आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांनी संपादित केले आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ही माहिती धुळ्याचा विद्यार्थी गाईडातून पाठ करतो. याच राजवाड्यांनी आयुष्याची अखेर धुळ्यात घालविली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा देह याच गावी पडला आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमविलेल्या कागदपत्रांच्या जतनासाठी १९२७ साली येथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्याच्यावर टीप लिहावयाची, त्याचा संग्रह आपल्याच शहरात आहे, याची कल्पना टीप लिहिणाऱ्या किती मुलांना असेल? ‘साधने’ हा शब्द त्यांना माहीत असतो. साधन कसे दिसते ते माहीत नसते.

खानदेशात काय नाही?

मागास भाग म्हणून खानदेशाचा उल्लेख करण्याची रीत आहे. इतिहासाच्या साधनांपुरते बोलावयाचे तर हा भाग पुण्या-मुंबईच्या शाळांनी हेवा करावा इतका संपन्न आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे डॉ. शां. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात अश्मयुगीन माणसाने नक्षी कोरलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला. तापीकाठच्या प्रकाशे येथे आणि गिरणाकाठच्या बहाळ येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे अवशेष सापडले. साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरे आहेत, शिरपूर तालुक्यात थाळनेर येथे फारुकी राजांच्या कबरी आहेत आणि पारोळ्याला भुईकोट किल्ला आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून मिळविलेली रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. चाळीसगावला केकी मूस या कलंदर छायाचित्रकाराचा संग्रह आहे, तर जळगावला २०१२ पासून गांधीतीर्थाचे आधुनिक संग्रहालय आहे.

अलीकडच्या काळाकडे वळावे, तर ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे झाले. साने गुरुजींनी १९३८ साली ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले ते अमळनेरहून. १९४२ साली नंदुरबारच्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले, तेव्हा ती मुले आजच्या दहावीच्या विद्यार्थ्यांच्याच वयाच्या आसपासची होती. १९४४ साली चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक प्रकरणाला खानदेशातून एक तरी साधन देता येईल, इतका हा साठा मोठा आहे.

मग अडते कोठे? हा साठा आणि शाळेचा वर्ग यांच्यामध्ये कोणताही दुवा नाही, तेथे अडते. मोडी कागद मुलांना वाचता येत नाही. संशोधकाने केलेले त्याचे लिप्यंतर विद्वानांसाठी असते, त्याला टिपांचा आणि संदर्भांचा भार असतो. शिलालेखाचे वाचन एखाद्या जुन्या नियतकालिकात असते आणि ते नियतकालिक ज्या ग्रंथालयात असते तेथपर्यंत यावल किंवा साक्रीच्या शिक्षकाची पोहोच नसते. संशोधनसंस्थेचे काम जतनाचे व अभ्यासाचे. अपुऱ्या मनुष्यबळावर आणि देणग्यांवर त्यांनी हे काम शंभर-शंभर वर्षे चालविले, हेच त्यांचे उपकार. शाळेच्या वर्गासाठी निवड करणे, सोपे करणे, प्रश्न काढणे आणि छापून पोहोचविणे हे काम त्यांचे नाही. ते शिक्षण मंडळाचेही नाही, कारण मंडळाला राज्याचा विचार करावयाचा असतो. परिणामी हे काम कोणाचेच नाही.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. २०१२ नंतर राज्यात बराच काळ शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. त्या काळात अनेक शाळांत इतिहासाचे तास भाषेच्या किंवा अन्य विषयाच्या शिक्षकाकडे गेले. त्यातच निवडणुका, सर्वेक्षणे आणि निरनिराळ्या माहितीचे तक्ते भरणे हीही कामे त्यांच्याच गळ्यात पडतात. वेतनेतर अनुदानाची रडकथा तर सर्वपरिचित आहे. नकाशा फाटला तर नवा घेताना मुख्याध्यापकाला दहा वेळा विचार करावा लागतो. अशा स्थितीत एखाद्या शिक्षकाने वर्गात गाईड उघडले, तर त्यामागे आळसापेक्षा अगतिकताच अधिक असते.

‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, पुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपवरील पूरक साहित्यही पाहता येते, हे मान्य केले पाहिजे. ही सोय मोठीच आहे. परंतु हे साहित्य साऱ्या राज्यासाठी एकच असते. शिरपूरच्या मुलाला आपल्या तालुक्यातील थाळनेर त्यात भेटत नाही. शिवाय घरातील एकुलता एक मोबाईल वडिलांबरोबर शेतात किंवा बाजारात गेलेला असतो, तेव्हा संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलीच्या हाती छापील कागदच उरतो.

गाईडाचे अर्थशास्त्र

हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. गाईड ही विक्रीची वस्तू आहे. तिचा प्रकाशक राज्यभरच्या लाखो मुलांचा हिशेब धरून ती छापतो आणि म्हणूनच तिच्यात बळसाणे किंवा बहाळ यांना जागा देणे त्याला परवडत नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. बाजार आपल्या नियमाने चालतो. स्थानिक साधनांची पुस्तिका ही मात्र सार्वजनिक वस्तू आहे. ती एकदा तयार झाली की कोणालाही वापरता येते आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही. अशा वस्तूतून नफा काढता येत नाही, म्हणून बाजार ती निर्माण करीत नाही. गावची विहीर, रस्ता आणि दिवाबत्ती यांच्याप्रमाणेच तिची निर्मिती समाजाला एकत्र येऊन करावी लागते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. एका तालुक्यात दहावीचे दोन हजार विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने दोनशे रुपये इतिहासाच्या गाईडावर व प्रश्नसंचावर खर्च केले असे समजू. त्या एका तालुक्यातून एका वर्षात चार लाख रुपये जातात आणि पुढल्या वर्षी पुन्हा तितकेच जातात. जळगाव जिल्ह्यात पंधरा आणि धुळे जिल्ह्यात चार तालुके आहेत. हे आकडे केवळ कल्पनेचे असले तरी त्यांतून निघणारा अर्थ खोटा नाही. पालक इतिहासावर पैसा खर्च करीतच आहेत. तो सुटासुटा आणि दरवर्षी नव्याने खर्च होतो, आणि वर्षअखेरीस रद्दीवाल्याच्या तागडीत जातो. त्याचा लहानसा अंश जरी एकत्र करून एकदाच नीट वापरला, तरी दोन्ही जिल्ह्यांच्या शाळांना पुढील दहा वर्षे पुरतील अशी साधने तयार होऊ शकतील.

यात आणखी एक कटू गोष्ट दडलेली आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे आणि शासकीय योजनेतील मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंतच मिळतात. म्हणजे नववीला, परीक्षेचा खरा अभ्यासक्रम सुरू होताच, मदतीचा हात आखडता घेतला जातो. सालदाराच्या किंवा ऊसतोड मजुराच्या मुलाला पाठ्यपुस्तक विकत घेणेच जड जाते, तेथे गाईड कोठून येणार? तो गेल्या वर्षीच्या मुलाकडून पाने सुटलेले जुने गाईड मागून आणतो. ज्या विषयात शिकवणीवाचून आणि खर्चावाचून पुढे जाणे खरोखर शक्य आहे, तो विषयही अशा रीतीने पैशाशी बांधला गेला आहे.

बाजार आणि विद्या यांचा संबंध जोडण्याची एक सुंदर रीत याच भूमीत आठशे वर्षांपूर्वी घालून दिली गेली होती. पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभवंशीय सोन्हदेवाने त्या मठाला दान दिले. या लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हिस्सा असे, तो मठाला दिल्याची नोंद त्यात केलेली आहे. तेलाच्या घाण्याचा आणि सुपारीच्या व्यवहाराचा वाटा गणिताच्या अध्ययनासाठी खर्ची पडत होता! केळी, कापूस आणि सोने यांची मोठी उलाढाल करणाऱ्या आजच्या खानदेशाने हा लेख आपल्या मुलांना केवळ वाचावयास देऊन थांबू नये, त्याचे अनुकरणही करावे.

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप असा येईल की, परीक्षा सबंध राज्याची एक असताना स्थानिक साधनांचा उपयोग काय? हा आक्षेप वरवरचा आहे. चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत विधाने सकारण स्पष्ट करावयाची असतात, संकल्पनाचित्रे पूर्ण करावयाची असतात, उतारा वाचून उत्तरे द्यावयाची असतात. ज्याने वर्षभर दहा-बारा अस्सल साधने वाचली आहेत, त्याला अनोळखी उतारा परका वाटणार नाही. शिवाय सामाजिक शास्त्रांत अंतर्गत मूल्यमापनाला वीस गुण आहेत. हे गुण बहुतेक ठिकाणी सढळ हाताने आणि डोळे मिटून दिले जातात, हे उघड गुपित आहे. त्यांतील काही गुण एका स्थानिक साधनाच्या परीक्षणाला दिले, तर त्या गुणांना अर्थ येईल.

परीक्षेत स्थान मिळाल्यावाचून कोणतीही सुधारणा टिकत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या ‘स्कूल्स कौन्सिल हिस्टरी प्रोजेक्ट’ने साधनांवर आधारलेले अध्यापन आणि परिसरातील ऐतिहासिक स्थळाचा अभ्यास यांना परीक्षेच्या अभ्यासक्रमातच जागा दिली, म्हणून ते तेथे रुजले. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ या संस्थेने १९८०च्या दशकात सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांची नवी पुस्तके तयार केली आणि त्यांना साजेशी, पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची परीक्षाही आणली. २००२ साली शासनाने तो प्रयोग बंद केला. या दोन उदाहरणांतून घ्यावयाचा बोध असा की, साधने परीक्षेशी जोडली पाहिजेत आणि त्याच वेळी त्यांची मुळे शासनाच्या मर्जीपेक्षा खोल, स्थानिक संस्थांत असली पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थानिक इतिहासाच्या नावाखाली गावाची, घराण्याची किंवा जातीची बढाई वर्गात शिरेल, ही भीती अनाठायी नाही. इतिहासावरून माथी भडकविण्याचे उद्योग महाराष्ट्रात थोडे झालेले नाहीत. परंतु या रोगावर औषध आहे ते साधनांच्या चिकित्सेचे. खानदेशातील भिल्लांच्या उठावांचे उदाहरण घ्यावे. १८८० सालचे खानदेशचे गॅझेटिअर हा ब्रिटिश प्रशासनाचा ग्रंथ आहे; उठाव हा त्याच्या दृष्टीने बंदोबस्ताचा प्रश्न. धरणगावला ठाणे करून औट्रमने उभारलेली भिल्ल पलटण त्याला या प्रश्नावरील यशस्वी तोडगा वाटते. उलट १८५७-५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकाची आणि सातपुड्यातील अंबापाणीच्या लढाईची आठवण पाड्यापाड्यांवर निराळ्या अभिमानाने जपली जाते. हे दोन्ही पुरावे मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत. लिहिणारा कोण, केव्हा लिहितो, त्याचे हितसंबंध कोणते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला उद्या कोणी अफवा इतिहास म्हणून विकू शकणार नाही. गाईडाने दिलेले एकमेव उत्तर निमूटपणे गिळण्याची सवय लागलेल्या मुलाचे तसे सांगता येत नाही. इतिहासाच्या साधनांचा प्रश्न गुणपत्रिकेपुरता मर्यादित नाही, तो यामुळेच.

काय करता येईल?

यासाठी फार मोठी योजना लागणार नाही. प्रकरणागणिक एक किंवा दोन, अशी सुमारे बारा स्थानिक साधने निवडावीत. प्रत्येकासाठी चार पाने पुरेत. पहिल्या पानावर मूळ साधनाचे छायाचित्र, दुसऱ्यावर त्याचे लिप्यंतर किंवा वर्णन, तिसऱ्यावर सोप्या मराठीत अर्थ आणि चौथ्यावर परीक्षेच्या धर्तीचे प्रश्न असावेत. एखादे मोडी पत्र, पाटणचा शिलालेख, थाळनेरच्या कबरींचा आराखडा, साने गुरुजींच्या साप्ताहिकाचे एखादे पान, फैजपूर अधिवेशनाची छायाचित्रे, गॅझेटिअरमधील एक उतारा, अशी त्यांची निवड होऊ शकेल. तेरावे साधन प्रत्येक शाळेने स्वतः मिळवावे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या आठवणी अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत किंवा भिलीत ज्या शब्दांत सांगितल्या जातील, त्याच शब्दांत मुलांनी टिपून घ्याव्यात. घरच्या बोलीत सांगितलेली गोष्टही इतिहासाचे साधन ठरते, हे कळल्यावर त्या मुलाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल.

निवडीची आणि शुद्धतेची जबाबदारी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि राजवाडे संशोधन मंडळाने संयुक्तपणे घ्यावी. वर्गाच्या दृष्टीने मांडणी करण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी अनुभवी शिक्षकांकडून, आणि रीतसर मानधन देऊन, करून घ्यावे. फुकटच्या कामाची अपेक्षा शिक्षकांकडून पुष्कळ झाली. छपाईचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण उपक्रमांच्या तरतुदीतून निघू शकतो. तो अपुरा पडल्यास पाटणच्या शिलालेखाचे स्मरण ठेवून येथील व्यापारी संघटनांनी आणि पतपेढ्यांनी हातभार लावावा. प्रत्येक माध्यमिक शाळेला चाळीस प्रतींचा एक संच मिळाला, तर तो वर्गात वाटून, परत घेऊन, वर्षानुवर्षे वापरता येईल. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतही एकेक संच ठेवावा.

एकट्या माणसाच्या जिद्दीने यापेक्षा अवघड काम याच भागात झालेले आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढीत असत. त्यांच्यापाशी छापखाना नव्हता, अनुदान नव्हते. मुलांना रोज काही सकस वाचावयास मिळावे ही तळमळ होती. आज प्रत्येक शिक्षकाने साने गुरुजी व्हावे, अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. एका थोर शिक्षकाने एकट्याने जे केले, ते साऱ्या संस्थांनी मिळून करावे, एवढीच अपेक्षा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पाठ्यपुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. दहावीच्या इतिहासाची पाळी येईल, तेव्हा पुस्तक पुण्यात तयार होईल आणि ते सबंध महाराष्ट्राचे असेल, हे योग्यच आहे. त्याला स्थानिक साधनांची जोड देण्याचे काम मात्र त्या त्या भागाने आपल्याकडे घेतले पाहिजे आणि ती तयारी पुस्तक येण्यापूर्वी झाली पाहिजे. राजवाड्यांच्या निधनाचे शंभरावे वर्ष २०२६ चे आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या मंडळाच्या स्थापनेचे शंभरावे वर्ष २०२७ चे. पुतळे, कमानी आणि व्याख्यानमाला यांनी अशा शताब्द्या साजऱ्या करण्याचा परिपाठ आहे. राजवाड्यांनी जमविलेल्या कागदांपैकी एकाची स्वच्छ प्रत आणि ती वाचण्याची रीत जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक दहावीच्या वर्गात पोहोचविणे हे अधिक खर्चाचे काम नाही आणि त्या पुरुषाच्या स्मृतीला अधिक शोभणारे मात्र आहे. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी विद्यापीठ आणि मंडळ यांची एक संयुक्त बैठक बोलवावी. आरंभ तेवढ्याने होऊ शकेल.